दारासमोरचे बारा फूट

धाकटीने दोरीचं एक टोक खिळ्याला बांधलं आणि दुसरं टोक स्वतःच ओढत थेट पलीकडे चालत गेली. ते टोक धरायला थोरली हात पुढे करून उभीच होती. तिच्या हातात काही आलं नाही. धाकटीने खाली वाकून दोरी दुसऱ्या खिळ्याला गुंडाळली, बोटाने छेडून ताण पाहिला आणि बाह्या वर सारल्या.

"अगं, मी धरली असती ना," थोरली म्हणाली.

"झालं की, ताई."

"निदान विटा तरी आणून देते."

"नको. गुडघे दुखतात ना तुझे? भाऊजी सांगत होते. तू बस."

गुडघे दुखत होते हे खरंच, पण म्हणून कुणी माणसाला असं बसवून ठेवतं का? थोरली पायरीवर टेकली. बावीस वर्षांनी घरी आलेली बहीण उन्हात राबत होती आणि ही पाहुणीसारखी बघत बसली होती. काल गाडीतून उतरल्या उतरल्या धाकटीने सांगून टाकलं होतं, "चार दिवसांचं काम आहे. भिंत झाली की पाचच्या गाडीने निघते." पिशवीतून तिने दोन कपडे काढले, थापी काढली, ओळंबा काढला, आणि पिशवी दाराशीच ठेवली. आतल्या खुंटीवर टांगली असती तर काय बिघडलं असतं?

चार दिवस. तेवढ्यात थोरलीला एक गोष्ट तोंडातून बाहेर काढायची होती. बावीस वर्षं जी निघाली नव्हती, ती चार दिवसांत.

गल्लीत अकरा घरं होती, एका रांगेत. समोर रस्ता, रस्त्याच्या पलीकडे नदी, आणि दोन्हींच्या मध्ये एक छातीएवढी भिंत, जी गेल्या पुरात वाहून गेली. पाया तेवढा शिल्लक राहिला. लोकांनी अर्ज केले, अर्जांची उत्तरं आली, उत्तरांत पुढच्या वर्षी बघू असं होतं. मग एका रविवारी पाळकसाहेबांनी उपासनेत बायबलमधला तो पाठ काढला. हद्दपारीतून परत आलेल्या लोकांचा. शहर पडलेलं, वेशी जळलेल्या, तटाच्या जागी दगडांचे ढीग. आणि पुढे नुसती यादी. अमक्याने इथून तिथपर्यंत बांधलं, त्याच्या शेजारी तमक्याने, त्याच्या शेजारी आणखी कुणी. सोनारांनी बांधलं, अत्तरं करणाऱ्यांनी बांधलं, एकाने तर आपल्या मुलींना हाताशी घेऊन बांधलं. कितीतरी जणांच्या नावापुढे एवढंच, की याने आपल्या घरासमोरचा भाग बांधला.

एरवी अशी यादी सुरू झाली की मंडळी डुलक्या काढतात. पाळकसाहेबांनी त्या दिवशी एकूण एक नाव वाचलं, पुस्तक मिटलं आणि चष्मा काढून म्हणाले, "आपल्याकडे सोनार नाहीत. न्हावी आहे, शिंपी आहे, दोन शिक्षिका आहेत. चालेल. प्रत्येक घराने आपापल्या दारासमोरचे बारा फूट बांधायचे. दुसऱ्याचा भाग कुणी बांधायचा नाही."

"आणि बंद घराचं काय?" न्हाव्याने विचारलं.

"त्याला मालक आहे ना? त्याला कळवू."

बंद घर धाकटीचं होतं. पत्ता थोरलीकडे होता. येणाऱ्याजाणाऱ्यांकडून कळत गेलेला, बावीस वर्षांत चार वेळा बदललेला, चारही वेळा खोडून नवा लिहिलेला. त्या पत्त्यावर तिने कधी पत्र टाकलं नव्हतं. पाळकसाहेबांनी टाकलं, आणि दहाव्या दिवशी धाकटी येऊन उभी राहिली.

तोवर गल्लीने कंबर कसली होती. भिंत कशी झाली ते विचारू नका. न्हाव्याच्या भागाला मधोमध पोट सुटलं होतं. शिक्षिकांचा भाग मात्र वहीत आखल्यासारखा सरळ, कारण त्या रोज दोनच थर लावायच्या आणि तेही पट्टी घेऊन. थोरली पायरीवर बसून सगळ्यांना सांगायची, माल पातळ झालाय, वाळू चाळून घ्या, ओळंबा नुसता लटकवू नका, त्याच्याकडे बघा. सांगायची, पण हात लावायची नाही. आणि तिच्या स्वतःच्या दारासमोर? नुसता पाया, त्यावर शेवाळ. गवंड्याची मुलगी आणि तिचीच जागा उघडी! लोक तोंडावर काही बोलत नसत. तिच्या नवऱ्याला, शिंप्याला, मात्र दुकानात रोज कुणी ना कुणी छेडायचं.

"आज बांधतेय, उद्या बांधतेय," तो म्हणायचा. "कापड असतं तर मीच एका दुपारी उरकलं असतं."

मुलगा नव्हता म्हणून वडिलांनी दोघी मुलींना गवंडीकाम शिकवलं होतं. थोरलीचा हात साधा, धाकटीचा सुरेख. धाकटी रचायची आणि थोरली तिला माल कालवून द्यायची, विटा भिजवून द्यायची. शाळेच्या पटांगणाच्या भिंतीचं काम असंच दोघींकडे सोपवून वडील दोन दिवस दुसरीकडे गेले. पहिल्या दिवशी संध्याकाळी थोरलीने उद्याच्या विटा पाण्यात टाकायच्या होत्या. तिने टाकल्या नाहीत. ती शिंप्याला भेटायला नदीवर गेली. सकाळी उठायला उशीर झाला, तोवर धाकटीने ढिगातून विटा उचलून काम सुरूसुद्धा केलं होतं. आता सांगून काय उपयोग, असं थोरलीला वाटलं. कोरडी वीट मालातलं पाणी शोषून घेते, सांध्यात नुसती भुकटी उरते, हे तिला ठाऊक नव्हतं असं नाही. चांगलं ठाऊक होतं.

तीन महिन्यांनी वादळात भिंत त्याच थरावर मोडून पडली. शाळेचा शिपाई खाली सापडला. जीव वाचला, पण पाय कायमचा अधू झाला. वडिलांनी दोघींना समोर उभं केलं आणि एकच विचारलं, "विटा भिजल्या होत्या?" थोरलीने मान खाली घातली. धाकटीने सरळ त्यांच्याकडे बघत सांगितलं, "हो." म्हणजे विटा चांगल्या होत्या आणि रचणारीचा हात वाईट होता. वडील म्हणाले, "मग आजपासून थापीला हात लावायचा नाही." दुसऱ्या दिवशी सकाळी धाकटी घरात नव्हती. थापीही नव्हती.

बिचारीला कळलंच नाही विटा कोरड्या आहेत, हे थोरलीने मनाशी धरलं ते धरलंच. त्याच हिवाळ्यात तिचं लग्न झालं. वडील पुढे सहा वर्षं जगले. शेवटच्या वर्षी त्यांनी थरथरत्या हातांनी घराच्या मधोमध भिंत घातली आणि रस्त्याकडे दुसरा दरवाजा काढला. "हा तिचा," म्हणाले. त्या दिवशीही थोरलीने तोंड उघडलं नाही.

भिंतीच्या कामाच्या दुसऱ्या दिवशी थोरली पहाटेच उठली. म्हटलं, निदान धाकटीच्या विटा पाण्यात टाकून ठेवू, मग आपोआप विषय निघेल. बाहेर येऊन बघते तर पिंप काठोकाठ भरलेलं आणि धाकटी त्यात कोपरापर्यंत हात घालून तळाची वीट चाचपत उभी.

"इतक्या लवकर?"

"रात्रीच टाकल्या होत्या. बघत होते भिजल्यात का."

"उद्याच्या मी टाकते."

"नको," धाकटी म्हणाली. मग जरा मऊ आवाजात, "माझं मलाच बघू दे, ताई. सवय झालीय."

थोरली आत गेली आणि चहात दोनदा साखर घातली.

"गोड केलायस आज," शिंपी म्हणाला. "मेहुणीबाई आल्यात म्हणून?"

"प्या गुपचूप."

तिसरा दिवस लोकांनी खाल्ला. धाकटीचा हात बघायला अख्खी गल्ली जमली. वीट उचलायची, थापीने माल पसरायचा, वीट बसवायची, थापीच्या मुठीने एक हलकी टिचकी, की पुढची. कुठे घाई नाही, कुठे थांबणं नाही. न्हावी आपल्या पोट सुटलेल्या भिंतीकडे आणि तिच्या भिंतीकडे आळीपाळीने बघत राहिला. पाळकसाहेब मुद्दाम वाट वाकडी करून आले.

"शहरात हेच करता?" त्यांनी विचारलं.

"हेच. दुसरं काही येत नाही." धाकटी हसली. "सगळ्यांत शेवटी मीच आले वाटतं?"

"नाही. शेवटचा भाग अजून उघडाच आहे," पाळकसाहेब म्हणाले, आणि थोरलीकडे न बघण्याची त्यांनी इतकी काळजी घेतली की सगळ्यांनी तिच्याकडे बघितलं.

थोरलीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. उद्या पाचची गाडी, तिने मनात म्हटलं. उद्या बोलली नाहीस तर मरेपर्यंत बोलणार नाहीस, बाई.

चौथ्या दिवशी तीन वाजेपर्यंत भिंत झाली. धाकटी सांधे भरून, पुसून घेत होती. पिशवी दारात भरून तयार होती. शिंपी गळ्यात टेप अडकवून बाहेर आला आणि एखाद्या गिऱ्हाइकाचं माप घ्यावं तसं त्याने भिंतीचं माप घेतलं.

"बारा फूट. एक सूत इकडे नाही की तिकडे नाही. वा!" मग तो आपल्या दाराकडच्या टोकाशी थबकला. "पण मेहुणीबाई, हे टोक असं का? एक वीट बाहेर, एक आत. शिवण उसवल्यासारखं दिसतंय."

"ते तसंच असतं, भाऊजी."

"न्हाव्याचं तर सरळ आहे."

"त्यांना माहीत नाही म्हणून."

थोरली दारातून ते ऐकत होती. गुडघ्यांचं भान न ठेवता ती पायऱ्या उतरून आली. टोकाला खरोखरच विटांचे दात सोडलेले होते, एकाआड एक, खालपासून वरपर्यंत. भिंत जिथे संपते तिथे गवंडी टोक सरळ करतो. पुढे दुसरी भिंत येऊन हिच्यात गुंफली जाणार असेल, दोन्हींची मिळून एकच व्हायची असेल, तरच दात सोडतो. आणि ती दुसरी आली नाही, तर त्या दातांतून पाणी शिरून पहिलीही खराब होते. म्हणून ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यासाठी कुणी दात सोडत नाही. वडिलांनी तर कधीच सोडले नसते.

"तुम्ही आत जा," ती नवऱ्याला म्हणाली.

"का? मी काय केलं?"

"काही केलं नाहीत. जा ना."

तो गेला. आत शिलाई मशीन सुरू झालं, उगाचच, कापडाशिवाय.

थोरली बहिणीच्या जवळ जाऊन उभी राहिली. बोलायला सुरुवात कशी करायची ते तिने चार दिवस घोकलं होतं. त्यातलं काहीच आठवेना.

"शाळेच्या भिंतीच्या विटा मी भिजवल्या नव्हत्या," ती म्हणाली.

धाकटीने सांधा पुसायचं फडकं पाण्यात बुडवलं, पिळलं.

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"कोरड्या होत्या ते. हातात घेतली की कळतं गं. हलकी लागते. माल लावला की चटकन ओढून घेते. पहिल्याच विटेला कळलं मला."

थोरली मटकन खाली बसली, तिथेच, वाळूच्या ढिगावर. "आणि बाबांनी विचारलं तेव्हा तू हो म्हणालीस!"

"मग काय म्हणणार होते? नाही म्हटलं असतं तर का नाही, कुठे होती ही, सगळं आलं असतं." तिने मशीनच्या आवाजाकडे मान वळवली. "बाबांनी मग भाऊजींना दारात तरी उभं केलं असतं?"

थोरलीला रडू यायला हवं होतं. आला तो राग. असा सणसणीत राग तिला कित्येक वर्षांत आला नव्हता.

"बावीस वर्षं!" ती ओरडली. शेजारच्या खिडकीचा पडदा हलला. "बावीस वर्षं मी अन्नाचा घास गोड लागला की स्वतःला शिव्या घातल्या! थापी बघितली की तोंड फिरवलं! लोक हसतात माझ्या दारासमोर, हसू दे म्हटलं, लायकीच ती. आणि तुला माहीत होतं? एक ओळ टाकता येत नव्हती तुला?"

"तुला येत होती?" धाकटी म्हणाली.

थोरलीने वाळूची मूठ भरली आणि सोडून दिली. मग दोघींपैकी कोण आधी हसलं ते सांगता येणार नाही. पण हसल्या, आणि हसता हसता थोरलीच्या डोळ्यांना धार लागली.

"माझ्यासाठी गेलीस तू," ती नाक पुसत म्हणाली.

"नाही, ताई. तेवढं मात्र नको समजूस." धाकटी तिच्या शेजारी वाळूवर बसली. "खोटं बोलले ते तुझ्यासाठी. गेले ते माझ्यामुळे. विटा तू भिजवल्या नाहीस, पण कोरड्या आहेत हे कळून रचल्या मी. एक दिवस काम थांबवून भिजवता आल्या असत्या. म्हटलं, दोनच थर आहेत, जातील खपून. त्या शिपायाला खाटेवर घालून शाळेतून बाहेर नेताना बघितलं ना, तेव्हा ठरवलं, इथे राहायचं नाही. बाबांचा राग चार दिवसांत उतरला असता. तो शिपाई माझ्या डोळ्यांसमोरून गेला नसता."

नदीवरून वारा आला. ओल्या सांध्यांचा वास दोघींच्याही ओळखीचा होता.

"मग आलीस कशी?"

"पाळकसाहेबांनी पत्राबरोबर तो पाठ लिहून पाठवला होता. अख्खी यादी, हाताने लिहिलेली. मला आधी त्या लोकांचा रागच आला. आपल्याच लोकांच्या चुकांनी शहर गेलेलं, आणि ही माणसं कोणत्या तोंडाने परत आली? मग रोज वाचायला लागले. इतकी नावं आहेत त्यात, ताई. कुणी कुठून कुठपर्यंत बांधलं तेवढं लिहिलंय. कुणी काय चुकवलं होतं ते एकाच्याही नावापुढे नाही."

थोरलीने बहिणीचा हात हातात घेतला. तळव्याला दगडासारखे घट्टे होते आणि नखांत माल सुकला होता. आपला हात तिला फार मऊ वाटला, लाज वाटावी इतका.

लांब वळणावर गाडीचा भोंगा वाजला. धाकटीने मान वर करून बघितलं. थोरलीने तिचा हात सोडला नाही, आणि मग सोडला.

"जातेस?"

"हे टोक असं उघडं टाकून?" धाकटी उठली, अंगावरची वाळू झटकली. थोरलीच्या दारासमोरच्या पायावरून ती चालत गेली, टाचेने शेवाळ खरवडून पाहिलं आणि वळली. "पाया चांगला आहे. आधी हे सगळं घासून काढावं लागेल. माझी थापी एकच आहे, तुझी कुठाय?"

"माळ्यावर असेल. गंजली असेल."

"गंज निघतो." तिने दारातली पिशवी उचलली. "मी जरा पाठ टेकते. सकाळी लवकर लागू कामाला. उद्याच्या विटा तू भिजत घाल."

"मी?"

"मग कोण, भाऊजी?"

गाडी गल्लीच्या तोंडाशी थांबली, कुणी उतरलं नाही, कुणी चढलं नाही, आणि निघून गेली. थोरली विटांच्या ढिगाशी गेली. दोन्ही हातांनी दोन विटा उचलल्या, हलक्या लागल्या. तिने त्या पिंपात सोडल्या, मग आणखी दोन, आणखी दोन. पाणी सुरसुरायला लागलं. धाकटी जाता जाता विटा बुडाल्यात का ते मागे वळून बघेल म्हणून ती वाट बघत राहिली.

धाकटीने बघितलं नाही. ती आत गेली, पिशवी खुंटीला टांगली आणि आडवी झाली.